वाघोबाचा रहिवासी दाखला

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी या शहरात, मॉर्मन पंथाच्या मुख्य मंदिराच्या आवारात, १९१३ साली पक्ष्यांचं एक स्मारक उभारलं गेलं. पक्ष्यांचं म्हणजे पक्ष्यांच्या स्मरणार्थ. आपल्याकडे पुतळा आणि पक्षी यांचा संबंध एवढाच, की पुतळ्याने उभं राहायचं, पक्ष्याने बसायचं आणि बसून गेल्याची पांढरी पावती पुतळ्याच्या टोपीवर ठेवून जायचं. तिथे मात्र मामला उलटा. उंच दगडी खांब, खांबावर दगडी गोळा आणि गोळ्यावर पंख पसरून उतरणारे दोन समुद्रपक्षी, तेही सोन्याच्या वर्खाचे. माझा एक भाचा त्या गावी नोकरीला होता. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने हे स्मारक आम्हांला मुद्दाम नेऊन दाखवलं. सौ. म्हणाली, "मेलं, कबुतरांचं कौतुक ते केवढं!" ती कबुतरं नव्हेत हे तिला सांगण्यात पुढची दहा मिनिटं गेली.

त्यामागची हकीकत अशी. जोसेफ स्मिथ नावाच्या माणसाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो पटला नाही, आणि न पटलेली गोष्ट त्या मुलखात त्या काळी बंदुकीने सांगत. १८४४ साली जमावाने तुरुंगात घुसून त्याला मारलं. मग ब्रिगहॅम यंग हा त्याचा वारसदार मंडळींना घेऊन पश्चिमेकडे निघाला आणि १८४७ साली युटामधल्या खाऱ्या तळ्याकाठी येऊन थांबला. इतर गोऱ्यांना नकोशी वाटावी अशीच ती जागा होती, म्हणूनच ती यांना पसंत पडली. दुसऱ्या वर्षी पीक जरा डोलायला लागलं, तोच डोंगरावरून नाकतोड्यांच्या फौजा उतरल्या. अंगठ्याएवढे एकेक नाकतोडे! लोकांनी ते झोडपले, बुडवले, जाळले. काही उपयोग होईना. आणि मग म्हणे तळ्याकडून या समुद्रपक्ष्यांचे थवे आले. त्यांनी नाकतोडे खाल्ले, पाणी प्यायले, ओकले आणि पुन्हा खायला बसले. लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या पैजा लावणारे आमचे काही नातेवाईक सोडले, तर असा पराक्रम मी दुसरीकडे ऐकला नाही.

इतिहासकार मंडळी याबाबतीत जरा खट्याळ असतात. ते म्हणतात, हे पक्षी त्या तळ्याचे नेहमीचेच, त्यांचं खाणंही नेहमीचंच, आणि एवढं करून बरंचसं पीक गेलं ते गेलंच. असेल. पण ज्याच्या घरात उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही त्याला हा हिशेब कोण समजावणार? पक्षी आले, आपण जगलो, एवढंच त्या लोकांच्या लक्षात राहिलं. पासष्ट वर्षांनी त्यांनी आभार मानले, ते सोन्याच्या वर्खाने. शिवाय त्या पक्ष्याला युटा राज्याचा पक्षी म्हणूनही मान मिळाला. गंमत म्हणजे त्याचं नाव 'कॅलिफोर्निया गल'. राहणार युटाचा, नाव कॅलिफोर्नियाचं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे अंधेरीला उपयोगी पडणार आहे.

स्मारकांच्या बाबतीत ही मंडळी एकूणच कल्पक. जोसेफ स्मिथ जन्मला त्या व्हरमाँटमधल्या शॅरन गावी १९०५ साली त्यांनी एक दगडी स्तंभ उभा केला. त्याची उंची साडेअडतीस फूट. का? तर गृहस्थ साडेअडतीस वर्षं जगला. वर्षाला एक फूट! पुतळ्याची उंची वयावर बेतायचा हा नियम आपल्याकडे लागू झाला तर किती ठेकेदारांची पोरंबाळं उपाशी राहतील, याचा विचार करवत नाही. आणि सॉल्ट लेकमध्येच थॉमस चाइल्ड नावाचा एक गवंडीकामाचा कंत्राटदार होऊन गेला. धार्मिक माणूस, पंथातला अधिकारी. त्याने १९४५ पासून आपल्या घरामागच्या परसात दगड कोरायला आणि कोरवून घ्यायला सुरुवात केली, ती १९६३ साली मरेपर्यंत. तिथे इजिप्तमध्ये असतो तसला स्फिंक्स आहे, आणि त्याला तोंड आहे जोसेफ स्मिथचं. शेजारी खुद्द चाइल्डसाहेबांचा पुतळा, आणि त्याची विजार विटांची. खऱ्याखुऱ्या विटांची! गवंड्याने आपली ओळख यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे कशी द्यावी? आता ती बाग गावाच्या मालकीची आहे. हयातीत मात्र शेजाऱ्यांनी त्याचं काय केलं असेल, हे कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या माणसाला सांगायला नको.

या पंथाचा आपल्याशीही जुना ऋणानुबंध आहे बरं का. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक प्रचारक मुंबईला उतरला. मुंबईत डाळ शिजेना म्हणून तो गेला कुठे, तर पुण्याला! पुणेकरांचं मत बदलायला! परमेश्वरावर माणसाची किती श्रद्धा असावी याचं याहून मोठं उदाहरण धर्मग्रंथांत सापडायचं नाही. तिथल्या छावणीच्या आसपास मूठभर माणसं त्याच्या पंथात आलीही, पण त्या दशकातच सगळ्यांनी गाशा गुंडाळला. पुढे या पंथात चहा आणि कॉफी दोन्ही वर्ज्य झाली. हे कळल्यावर मीही त्यांच्याकडे दुरूनच आदराने पाहायचं ठरवलं.

तर हे सगळं दाखवून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या गोरेगावात असं काही आहे का हो?"

प्रश्न साधा होता, पण सूर पुण्याचा होता. आणि मी राहतो गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीच्या तोंडाशी. आरे म्हटलं की लोकांना दूध आठवतं. आमच्या पिढीला तर दूध म्हणजेच आरे. पहाटे काचेच्या बाटल्यांचा किणकिणाट, बाटलीला चांदीच्या कागदाचं झाकण, हातात ते पवित्र कार्ड आणि केंद्रावर रांग. मुंबईभर पसरलेले म्हशींचे तबेले उचलून एका जागी न्यावेत म्हणून १९४९ साली दारा खुरोडी या दूध आयुक्तांनी ही वसाहत घडवायला घेतली आणि १९५१ साली पंडित नेहरू तिच्या उद्घाटनाला आले. जवळजवळ तेराशे हेक्टर जमीन, तीसेक युनिटं आणि हजारोंनी म्हशी. सतरा बिऱ्हाडांत एक नळ, अशा अवस्थेतली मुंबईची माणसं म्हशींच्या बंगल्यांकडे हेव्याने पाहत रविवारी तिथे सहलीला जात. पण या हिरवळीभोवती आणि हिरवळीत देवांचं केवढं राजकारण होऊन गेलं आहे, हे दूध पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. मी भाच्याला म्हटलं, "तू ये तर खरा." दोन हिवाळ्यांमागे तो आला. मग सौ.ने डब्यात थालीपिठं दिली आणि आम्ही मामा-भाचे रिक्षा करून निघालो.

आरेच्या उत्तरेला लागून राष्ट्रीय उद्यान आणि त्यात कान्हेरी. शंभरावर लेणी म्हटल्यावर तिला अपरिचित म्हणता येणार नाही. पण दोन गोष्टी तिथल्या वाटाड्याच्या पोपटपंचीत सहसा येत नाहीत. एक, एका लेण्यात पहलवी लिपीत काही पारशी पाहुण्यांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत, तारखांसकट. साल १००९ आणि १०२१! म्हणजे ऐतिहासिक भिंतीवर नाव लिहिण्याचा आपला राष्ट्रीय छंद किमान हजार वर्षांचा आहे. फरक इतकाच, की त्यांनी जोडीला बाण लागलेलं काळीज काढलं नाही. दुसरी गोष्ट अंतोनियु दो पोर्तु या पोर्तुगीज पाद्र्याची. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्यातून एक भुयार निघतं आणि ते थेट काशीला किंवा गेला बाजार पंढरपूरला जातं, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ऐकून सोडून देतो. सोळाव्या शतकात या बिचाऱ्याला कोणी तरी सांगितलं, की कान्हेरीचं भुयार खंबायतपर्यंत जातं. गृहस्थाने ते मनावर घेतलं! शिधा, पाणी, मशाली आणि दोऱ्या घेऊन तो माणसांनिशी आत शिरला आणि सात दिवस चालत राहिला, असं दिओगो दो कोतो हा पोर्तुगीज इतिहासकार लिहून गेला आहे. शेवटी खंबायत काही आलं नाही. स्थानिक माणसाने दिलेली माहिती तपासून घ्यावी, एवढा धडा त्याने इतिहासात ठेवला.

याच पाद्र्याची दुसरी कामगिरी बोरिवलीला, मंडपेश्वरला. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेलं शिवाचं लेणं ते. नटराज आहे, शिवपार्वतीचं लग्न आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तिथे चर्च केलं. डोंगर तर कोरलेलाच होता, आयती भिंत मिळाली. शिल्पांपुढे भिंती घातल्या, वर मठ बांधला, एका ठिकाणी दगडात चांगला मोठा क्रूस कोरला. १७३९ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, तेव्हा शंकर परत घरी आला. पुढे इंग्रज आले, पुन्हा क्रूस आला. आता सरकारच्या पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, आत पिंडीपुढे उदबत्ती लागते, महाशिवरात्रीला रांग लागते, आणि तो क्रूस अजून तिथेच आहे. भाचा फार वेळ त्या क्रुसापुढे उभा होता. म्हणाला, "मामा, हे पुसलं कसं नाही कोणी?" मी म्हटलं, "अरे, दगडात कोरलेलं पुसायला छिन्नी लागते, आणि छिन्नी मारायला सरकारी परवानगी लागते." तेवढ्यात एक बाई आल्या, त्यांनी पिंडीला बेल वाहिला आणि जाता जाता सवयीने त्या क्रुसाच्या दिशेनेही हात जोडले. परवानगीपेक्षा हेच कारण खरं असावं.

परत फिरून आम्ही अंधेरीच्या अंगाला आलो. आरेच्या दक्षिणेला सीप्झ आहे. सीप्झ म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन. १९७३ साली निर्यातीसाठी काढलेली ही वसाहत आहे अंधेरीत, नाव सांताक्रूझचं. आता तो युटाचा कॅलिफोर्निया पक्षी आठवा. पण खरी मौज पुढेच आहे. सांताक्रूझ म्हणजे पोर्तुगीज भाषेत पवित्र क्रूस, आणि या पवित्र क्रुसाच्या नावाच्या वसाहतीच्या कुंपणात एक चर्च अडकून पडलं आहे!

सेंट जॉन द बॅप्टिस्टचं हे चर्च. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलं. गाव कोंडिविटा. १८४० साली गावात साथ आली, माणसं मरायला लागली. उरली ती गाव सोडून जवळच मरोळला गेली, आणि जाताना चर्चचा संसारही घेऊन गेली. मागे राहिल्या भिंती. छप्पर गेलं, दगडांतून झाडं उगवली. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्या भिंतींभोवती कारखान्यांची वसाहत वसली आणि वसाहतीला फाटक बसलं. आज तिथे एका बाजूला हिऱ्यांचे दागिने घडतात, दुसऱ्या बाजूला संगणकाची कामं चालतात, आणि मध्ये हे बिनछपराचं चर्च. आत जायचं तर पास पाहिजे. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कोणत्या कंपनीत जायचंय?" भाचा उत्तरला, "चर्चमध्ये." रखवालदाराने हातातल्या यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "अशी कंपनी नाही इथे."

त्याचं काही चुकलं नाही. यादीत नव्हतंच ते.

वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होतो आणि त्या दिवशी फाटक उघडतं. आजूबाजूच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन लोक तेव्हा येतात. हे आपले मूळचे साष्टीकर, घरात मराठी बोलणारे, भात-मासळीवाले. राहणार पश्चिम किनाऱ्याचे आणि नाव 'ईस्ट' इंडियन! ते नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, इथलेच, कंपनी सरकारचे जुने लोक, हे सायबाच्या ध्यानात यावं म्हणून. आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला माणसाला कधी कधी उलट्या दिशेचं नाव घ्यावं लागतं. माझ्या ओळखीचे मरोळचे एक निवृत्त फोरमन दर मे महिन्यात तिथे जातात. त्यांचे खापरपणजोबा त्या गावातून निघालेल्यांपैकी. ते मला म्हणाले होते, "अरे, तिथे आमची माणसं पुरली हान. वर्सातून येकदा तरी तोंड दाखवाया नको?" एकशे ऐंशी वर्षांवर होऊन गेली गाव सोडून. तोंड दाखवणं चालू आहे.

तिथून मैलाच्या आत महाकालीची लेणी. त्यांत महाकाली नाही. ती बाहेर, जवळच्या देवळात. लेणी बौद्ध आहेत, एकोणीस, इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढे सहाशे-सातशे वर्षांत कोरत गेलेली. त्यांतल्या चैत्यगृहात एक अशी गोष्ट आहे, की ती पाहायला तरी एकदा जा. स्तूपाभोवती गोल झोपडीसारखी भिंत कोरली आहे, जाळीच्या खिडक्यांसकट. कुडाची झोपडी, पण दगडात. शेजारी कोरलेल्या लेखात गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने विहार दान दिल्याची नोंद आहे. ब्राह्मणाने बौद्ध भिक्षूंना घर बांधून द्यावं आणि पुढे त्या घराला महाकालीचं नाव पडावं, यावर कोणी दंगल केल्याचं ऐकिवात नाही.

एवढं पाहून भाच्याने मान्य केलं, की गोरेगाव, गेला बाजार त्याच्या आसपासचा मुलूख, अगदीच टाकाऊ नाही. पण मी त्याला शेवटची जागा दाखवायची राखून ठेवली होती. ती आरेतच आहे. मधल्या वाटेवर चित्रनगरीची हद्द लागते, १९७७ साली सुरू झालेली. तिथे चित्रीकरणासाठी बांधलेलं एक देऊळ आहे. दृश्याच्या गरजेप्रमाणे देव बदलतो. सोमवारी शंकर, मंगळवारी देवी, आणि बुधवारी नायिकेचं लग्न जमत नसेल तर गणपती. देवांच्या बदल्या होतात हे मंडपेश्वरला पाहिलंच होतं, पण तिथे दोनशे वर्षं लागली. इथे जेवणाच्या सुट्टीत काम होतं.

आरेत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशी माणसं. म्हशी आल्या १९४९ नंतर. ही माणसं त्याआधीची. त्यांच्यापैकी एका पाड्यातली एक म्हातारी कित्येक वर्षं आमच्या दारावर भाजी घेऊन यायची. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, करटोली. तिला आम्ही बाय म्हणतो. वय तिला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणते, "म्हशी आल्या तवा मी शेळ्या हाकत होते." मी भाच्याला घेऊन तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, "बाय, याला वाघोबा दाखव."

पायवाटेने गेलो. एका जुन्या झाडाखाली हातभर उंचीची दगडी पाटी. तिच्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य, सगळ्याला शेंदूर. बाजूला नारळाच्या करवंट्या. ना पाटी, ना कुंपण, ना दानपेटी. भाच्याने सवयीने माहितीफलक शोधला. तो नाहीच म्हटल्यावर बायला विचारलं, "हे कधीचं?"

"वाघ होता तवाचं."

मुंबईच्या या बेटावरचा पट्ट्याचा वाघ कधीच संपला. उरला बिबट्या. पण पाड्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि देव तोच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून वाघोबाची दीडशे ठाणी मोजली आहेत. त्या अभ्यासकांनी जे लिहिलं आहे ते बायने दोन वाक्यांत सांगितलं. आपण त्याचं करायचं, त्याने आपलं राखायचं. करायचं म्हणजे वर्षातून एक दिवस, अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस. नारळ, कोंबडा, जमेल ते. आता पंचांग काढून पाहा. अश्विन वद्य द्वादशी म्हणजे आमची वसुबारस! ज्या संध्याकाळी गोरेगावात सौ. गाय-वासराला ओवाळते, त्याच संध्याकाळी कोसभर आत बाय गाय खाणाऱ्याला ओवाळते. मधे तबेल्यातल्या म्हशी. त्यांचं मत कोणी विचारत नाही.

भाचा हसला, पण मग म्हणाला, "मामा, आमच्या तिकडे पक्ष्यांनी किडे खाल्ले म्हणून आभार मानले. इथे आभार कशाचे?"

बायने त्याच्याकडे, शहरातली पोरं जरा मंदच असतात अशा नजरेने पाहिलं. म्हणाली, "खात न्हाई म्हनून."

हे काही नुसतं बोलण्यापुरतं नाही. २०२१ साली आरेत बिबट्याने माणसांवर हल्ले केले, २०२२ च्या दिवाळीत एक लहान मूल नेलं. वाघोबाची पूजा केली म्हणजे विमा उतरला, असं बायही मानत नाही. त्या दिवाळीनंतर ती बरेच दिवस भाजी घेऊन आली नाही. आली तेव्हा सौ.ने भीत भीत विषय काढला. बाय म्हणाली, "त्याचं बी रान कुठं ऱ्हायलं?" आणि शेवळं मोजायला लागली. मूल गेलेल्या पाड्यातली बाई बिबट्याची बाजू मांडते आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर खिडकीला गज लावून बिबट्याला हाकलून द्या म्हणून अर्ज करतो.

रानाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०१९ मधली ती रात्र आमच्याकडे अजून कोणी विसरलेलं नाही. मेट्रोच्या कारशेडविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने दिवसा फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. आमच्या गच्चीवरून आवाज येत होता. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ ऑक्टोबरला आली, तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. मग सरकार बदललं, कारशेड कांजुरला निघालं, पुन्हा सरकार बदललं, कारशेड परत आलं. या धांदलीत २०२० साली आरेची आठशेवर एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, हेही सांगायला हवं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून मेट्रो सुरू झाली. मी तिच्यातून जातो. गार असते, वेळेवर असते. बायलाही एकदा नेली. खाली जाताना तिने विचारलं, "ह्ये भुयार कुठवर जातं?" तेव्हा ते वांद्र्याच्या पुढे जात नव्हतं. आता थेट कफ परेडपर्यंत जातं. अंतोनियु दो पोर्तु चारशे ऐंशी वर्षं लवकर जन्मला.

कारशेडच्या जागेवरून प्रजापूरपाड्यातली काही कुटुंबं उठवली गेली. त्यांना इमारतीत खोल्या मिळाल्या. पक्क्या, नळाच्या, संडासाच्या. वाईट म्हणायची माझी छाती नाही. मीही खोलीतच राहतो. पण बायच्या पाड्यात मोजणीची बातमी आली तेव्हा तिचा प्रश्न वेगळाच होता. ती सौ.ला विचारत होती, "इमारतीत त्याला कंच्या माळ्यावर ठेवायचा?" वाघोबा घरातला देव नव्हे. तो वेशीवरचा. त्याला घरात आणायचा नसतो, त्याने घरात येऊ नये म्हणून तर सगळा खटाटोप. इमारतीला वेस नसते. फाटक असतं, आणि फाटकावर यादी घेतलेला रखवालदार.

मोजणीला एक तरुण मुलगा आला होता, कागद घेऊन. मुलगा गुणी होता. उन्हातून आला होता, बायच्या हातचं पाणी प्यायला. त्याच्या कागदावर रकाने होते. घरमालकाचं नाव, वीजबिल, रेशनकार्ड, किती सालापासून राहता. बायचं घर झालं, सुनेचं झालं. मग बायने त्याला झाडाखाली नेलं आणि म्हणाली, "ह्याचं बी लिव."

मुलगा गोंधळला. "आजी, हे घर नाही."

"घर न्हाई तर मग हितं बसतो कशाला?"

त्याने रकाने वरून खाली पाहिले. चर्चला पुरातन म्हणून नोंद मिळते, लेण्याला पाटी मिळते, चित्रनगरीतल्या देवळालासुद्धा मालमत्ता क्रमांक असणार. हातभर दगड, त्याला कोणता रकाना? मी तिथेच होतो, आणि मध्यमवर्गीय माणसाला दुसऱ्याच्या अर्जात नाक खुपसायची जी हौस असते ती मलाही आहे. मी सुचवलं, "शेरा या रकान्यात लिहा ना."

मुलाने पेन काढलं. "नाव?"

"वाघोबा," बाय म्हणाली.

"किती सालापासून?"

"लिव, पयल्यापासून."

"कुटुंबात माणसं किती?"

बायने रानाकडे पाहिलं. मनाशी काही तरी मोजल्यासारखं केलं. म्हणाली, "परवा दोन पिल्लं घेऊन हिंडत होती. तीन लिव."